भिंत आधी मोजा, बिट नंतर घ्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



परवा गोंदियाच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात उभा होतो. एक तरुण मुलगा आला आणि म्हणाला, "भाऊ, नऊ इंची भिंतीतून केबल काढायची आहे. बारा इंचाचा बिट द्या." दुकानदारानं दिला. मी त्या मुलाला विचारलं, "भिंत मोजली का?" तो हसला. "नऊ इंचीच आहे ना काका, त्यात काय मोजायचं?"

त्याला मी नावं ठेवणार नाही. काही वर्षांपूर्वी मीही असाच हसलो होतो.

आमच्या मागच्या खोलीत टीव्ही न्यायचा होता. गच्चीवरच्या डिशची केबल बाहेरून खाली आणून भिंतीतून आत घ्यायची, एवढंच काम. मिस्त्री दोन दिवस येणार नव्हता आणि ड्रिल मशीन माझ्याकडे होतं. बारा इंचाचा बिट आणला आणि आतून भोक पाडायला घेतलं. मशीनचं तोंड भिंतीला टेकलं तरी पलीकडे उजेड दिसेना. मग स्टुलावर चढून, अंदाजानं, बाहेरून दुसरं भोक पाडलं. दोन्ही भोकं एकमेकांना भेटली नाहीत. बाहेरचं वर, आतलं खाली. शेवटी सळईनं खरडून ती जोडली. बाहेर वाटीएवढं प्लास्टर उडालं होतं, ते सिमेंटनं लिंपलं. टीव्ही लागला, मी खूश.

जुलैत झड लागली. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. बाहेरचं भोक वर असल्यामुळे पाणी केबलच्या आधारानं आत आलं आणि भिंतीतून झिरपत खालच्या स्विचबोर्डात उतरलं. सकाळी आई दिवा लावायला गेली आणि हात झटकून मागे सरली. "अरे, हे बटन झटका मारून रायलं," ती म्हणाली. पायात रबरी चप्पल होती म्हणून थोडक्यात निभावलं. मी आधी मेन स्विच बंद केला. नंतर बोर्ड उघडला, तर आत पाणी साचलेलं होतं.

या सगळ्याचं मूळ शोधलं तेव्हा ते एवढंसंच निघालं. माझा बिट आखूड होता. म्हणून दोन्हीकडून भोकं पाडली, म्हणून उतार चुकला आणि म्हणून पाणी आत आलं.

नऊ इंचाच्या भिंतीला बारा इंचाचा बिट आखूड का पडतो? बिटाला दोन लांब्या असतात. दुकानात सांगतात ती बहुधा टोकापासून शेपटीपर्यंतची पूर्ण लांबी. पण शेपटी मशीनच्या तोंडात जाते. भिंतीत जाते ती कामाची लांबी, म्हणजे ज्या भागावर पिळाच्या खाचा आहेत तेवढी. हॅमर मशीनच्या बिटात या दोहोंत साधारण ५० ते ६० मिलिमीटरचा फरक असतो. ३१० मिलिमीटरचा, म्हणजे बारा इंचांहून किंचित मोठा बिट घेतला, तर कामाला मिळतात सुमारे २५० मिलिमीटर.

आता भिंत पाहा. नऊ इंच म्हणजे २३० मिलिमीटर, ही झाली नुसत्या विटेची. आतून १२ आणि बाहेरून २० मिलिमीटर प्लास्टर धरलं तर भिंत होते २६२ मिलिमीटरची. बिट जेमतेम अर्धा इंच कमी पडतो, पण भोक आरपार जात नाही. शिवाय खाचांचं काम भुकटी बाहेर आणणं. खाचा पूर्ण आत बुडाल्या की भुकटी अडकते, बिट तापतो, कधी जाम होतो. म्हणून नऊ इंची भिंतीला ४०० किंवा ४५० मिलिमीटरचा बिट घ्यावा. साडेचार इंची भिंत प्लास्टरसकट साधारण १४५ मिलिमीटर भरते, तिला २६० चा पुरतो.

हे आकडे मात्र पाठ करू नका. भट्टीच्या विटा सगळ्या सारख्या नसतात आणि ओळंबा साधायला मिस्त्री कुठे प्लास्टर जाड मारतो. खिडकीपाशी किंवा दारापाशी टेप लावा आणि आतल्या प्लास्टरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. त्यात दोन इंच मिळवा. तेवढी कामाची लांबी असलेला बिट मागा. दुकानात टेप घेऊन जायला लाजू नका.

आपल्या खेड्यांत अजून कवेलूची, मातीच्या भिंतींची घरं आहेत. ती भिंत दीड फूट जाड असू शकते. लांब बिट मिळाला तरी तिथे हॅमर लावू नका. ठोक्यांनी माती सुटते आणि भोकाऐवजी भगदाड पडतं. हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवा. आढ्याखाली किंवा खिडकीच्या चौकटीजवळ आधीच फट असेल, तर तिथूनच वायर न्या. पाडायचं टळलेलं भोक सर्वांत उत्तम.

आता बिटाचं टोक. विटेसाठीच्या बिटाच्या टोकाला छोट्या छपरासारखी एक पाती बसवलेली असते. ती टंगस्टन कार्बाइडची. आपले कारागीर तिला 'विडिया' म्हणतात. हा शब्द जर्मनीहून आला. क्रुप कंपनीनं १९२६ मध्ये हा कठीण पदार्थ या नावानं बाजारात आणला. 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते नाव केलं होतं. त्यातलं टंगस्टन फार दूरची वस्तू नाही. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना भागात त्याचं खनिज आढळलं आहे. ही पाती वीट कापत नाही, ठोके मारून तिची भुकटी करते. लोखंडाचा किंवा लाकडाचा बिट विटेत घातला तर मिनिटभरात बोथट होतो. पाती डाख देऊन बसवलेली असते, म्हणून तापलेला बिट पाण्यात बुडवू नका. डाख सुटतो, पातीला तडा जातो. हवेत थंड होऊ द्या.

टोकाइतकंच शेपटीकडे लक्ष हवं. साध्या ड्रिल मशीनला गोल शेपटीचा बिट लागतो, तो जबड्यात आवळतात. मोठ्या हॅमर मशीनच्या बिटाला शेपटीवर खाचा असतात. या पद्धतीला एसडीएस म्हणतात. बॉश कंपनीनं ती १९७५ मध्ये आणली. घरगुती कामाच्या एसडीएस-प्लस बिटाची शेपटी १० मिलिमीटर जाड असते. एकाचा बिट दुसऱ्यात बसत नाही. म्हणून जुना बिट सोबत न्या किंवा मशीनच्या तोंडाचा फोटो दाखवा. लांब भोकाला हॅमर मशीनच सोयीचं. त्यातली दट्ट्याची रचना स्वतः ठोके मारते, आपल्याला अंगाचा जोर लावावा लागत नाही. वर्षातून एखादंच भोक पाडायचं असेल तर मशीन विकत घेण्यापेक्षा भाड्यानं आणणं बरं.

जाडी किती घ्यावी? केबलपेक्षा तिच्या टोकाचं कनेक्टर जाड असतं, ते मोजा. घरगुती केबलला बहुधा १२ मिलिमीटरचा बिट पुरतो. सहा मिलिमीटरचा लांब बिट घेऊ नका, तो काठीसारखा लवतो आणि भोक वाकडं जातं. घेताना बिट दुकानाच्या काचेवर लोळवून पाहा. सरळ बिट सारखा लोळतो, वाकडा थडथडतो. एसीच्या पाइपाला अडीच इंचांच्या आसपासचं भोक लागतं. ते बिटाचं काम नाही, त्याला कोअर कटर लागतो. तिथे कारागीरच बोलवावा.

आता प्रत्यक्ष काम. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक घेऊ नका, वायरिंग बहुधा त्याच रेषांत असतं. त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि मशीनला दुसऱ्या खोलीतून वीज घ्या. बीम, कॉलम आणि दार-खिडकीवरचा लिंटेल सोडून द्या. खडखडून लोखंड लागल्यासारखं वाटलं की थांबा आणि जागा बदला. स्लॅबची सळई कापणं म्हणजे घराचं हाड कापणं. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क लावा, ही भुकटी फुप्फुसाला वाईट. मशीनची बाजूची मूठ घट्ट धरा. बिट जाम झाला तर मशीनच गरकन फिरतं आणि मनगट मुरगळतं.

सुरुवात आखूड बिटानं करा. दोन-तीन इंच भोक सरळ झालं की लांब बिट घाला, त्याला वाट सापडते. बोटभर आत गेला की मागे ओढा, भुकटी झटका, पुन्हा घाला. भोक आतून बाहेर पाडा आणि बाहेरचं टोक सेंटिमीटरभर खाली राहील असा उतार द्या. मी चुकलो ती गोष्ट हीच. शेवटचे दोन इंच हॅमर बंद करून हळू जा, म्हणजे बाहेरचं प्लास्टर उडत नाही. त्या वेळी भिंतीपलीकडे कुणी उभं नाही याची खात्री करा. मुलं कुतूहलानं नेमकी तिथेच डोकावतात. केबल घातली की बाहेर तिला भोकाच्या खाली झोळ द्या, पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. उरलेली फट सिलिकॉननं किंवा सिमेंटनं बुजवा.

आमचं भोक मी त्याच पावसाळ्यात बुजवलं. बोर्ड बदलला, घरात आरसीसीबी बसवला आणि दिवाळीनंतर ४५० मिलिमीटरच्या बिटानं नवं भोक पाडलं. काम वीस मिनिटांचं निघालं. आई मात्र पुढचे कित्येक दिवस त्या खोलीतलं बटन लाकडी लाटण्यानं दाबायची.

दुकानातल्या त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "घरी जा, खिडकीपाशी टेप लाव, मग ये." अर्ध्या तासानं तो परत आला आणि दुकानदाराला म्हणाला, "भाऊ, हा बदलून द्या. भिंत साडेदहा इंच भरली."