भूकेंद्र, सूर्यकेंद्र आणि शीघ्रोच्च

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड गावी १८५३ मध्ये जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरील ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वाच्या मध्यभागी पृथ्वी की सूर्य, या प्रश्नाचा भारतीय बाजूने विचार करणाऱ्यास तो आजही आधारभूत आहे. या प्रश्नाविषयी दोन टोकांची मते आढळतात. प्राचीनांस सूर्यकेंद्री रचना पूर्णपणे अवगत होती, हे एक. सिद्धांतज्योतिषात सूर्यास इतर ग्रहांहून निराळे स्थान नाही, हे दुसरे. सिद्धांतग्रंथांतील गणित तपासले असता यांपैकी एकही मत टिकत नाही.

सिद्धांतकारांनी पृथ्वी मध्यवर्ती मानली. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास तिचे दैनंदिन अक्षभ्रमण प्रतिपादिले. तथापि ग्रहकक्षांच्या मध्यभागी त्यानेही पृथ्वीच ठेविली. मध्यम ग्रहावरून स्पष्ट ग्रह साधताना मात्र मंदफल व शीघ्रफल असे दोन संस्कार करावे लागतात. पैकी मंदफल हे ग्रहाच्या गतीतील असमानतेचे, तर शीघ्रफल हे सूर्याशी निगडित आहे. मंगळ, गुरू व शनी यांचे शीघ्रोच्च म्हणजे मध्यम रवीच होय. बुध-शुक्रांच्या बाबतीत व्यवस्था उलट आहे : त्यांचा मध्यम ग्रह हा मध्यम रवी, आणि शीघ्रोच्चास ग्रहाची स्वतःची गती. आर्यभटाने एका महायुगात शुक्रशीघ्रोच्चाचे ७०,२२,३८८ भगण सांगितले आहेत. महायुगाच्या १,५७,७९,१७,५०० सावन दिवसांस या संख्येने भागिले असता २२४.६९८ दिवस येतात. शुक्राच्या सूर्यप्रदक्षिणेचा आधुनिक काल २२४.७०१ दिवस आहे.

याहून लक्षणीय गोष्ट शीघ्रपरिधीची. सूर्यसिद्धांतात शुक्राचा शीघ्रपरिधी २६० ते २६२ अंश आहे. त्यास ३६० ने भागिल्यास सुमारे ०.७२ ते ०.७३ हे गुणोत्तर मिळते. पृथ्वी व सूर्य यांमधील अंतर १ मानल्यास शुक्राचे सूर्यापासूनचे अंतर ०.७२३ आहे. म्हणजे अंक हाती होता. पण तो अंतर म्हणून वाचला गेला नाही. ग्रहकक्षांची माने सिद्धांतकारांनी निराळ्याच मार्गाने, सर्व ग्रहांची दैनिक योजनात्मक गती समान आहे या गृहीतावरून काढिली. केरळातील नीलकंठ सोमयाजी याने पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधिकाली पाचही ग्रह सूर्याभोवती, आणि सूर्य पृथ्वीभोवती, अशी रचना मांडली. कोपर्निकसाने १५४३ मध्ये पृथ्वीसही ग्रहांत बसविले. त्यामुळे हीच गुणोत्तरे सर्व ग्रहांची अंतरे एका मापात देऊ लागली.

महाराष्ट्रात दीर्घकाळ पंचांगे गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवावरून (शके १४४२, इ. स. १५२०) होत असत. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय ग्रंथांच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके सिद्ध केली. त्यामागील रचना सूर्यकेंद्री असूनही पंचांगाचे स्वरूप पालटले नाही. कारण तिथी, ग्रहण, ग्रहांचे उदयास्त ही सर्व पृथ्वीवरून दिसणारी स्थिती होय. एकोणिसाव्या शतकातील पंचांगवाद, ज्यात स्वतः दीक्षित सायनपक्षाचे होते, तो केंद्राविषयी नव्हे, तर वर्षमान, अयनांश व दृक्प्रत्यय यांविषयी झाला.

सारांश, ग्रहस्थितीचे अचूक गणित आणि विश्वरचनेची यथार्थ कल्पना या भिन्न सिद्धी आहेत. पहिली साधली म्हणून दुसरीही साधली होती असे मानणे, अथवा दुसरी नव्हती म्हणून पहिलीचे मोल नाकारणे, हे दोन्ही प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासकाने टाळावयास हवे.