गडाखालचे गाव : ताकाहाशीतले तीन दिवस

विंझरला आमच्या घरासमोरून शनिवारी पहाटे चारपासून गाड्या जाऊ लागतात. नसरापूरहून येणारा रस्ता मार्गासनीवरून विंझरला येतो आणि पुढे वेल्ह्याला जातो. गुंजवण्याकडून राजगड चढणारे मार्गासनीलाच वळतात. आमच्या दारावरून जातात ते बहुतेक तोरण्याचे. उजाडायच्या आत ती मंडळी गडाच्या वाटेला लागलेली असतात आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने पुण्याला परततात. गावात थांबतात ती चहापुरती. गड पाहायला येणाऱ्याला गडाखालचे गाव दिसत नाही, हे मी शिक्षकाच्या नोकरीत आणि निवृत्तीनंतरही वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

हाच प्रश्न घेऊन मी नोव्हेंबर २०२४मध्ये जपानमधल्या ताकाहाशी नावाच्या लहानशा शहरात तीन दिवस राहिलो. निमित्त घरगुती होते. भाची ओकायामाला शिकते, तिच्याकडे जायचे होते. ओकायामा हे नाव पुणेकरांना परके नाही. आमच्याकडून पाबे घाटाने खानापूरला उतरले की सिंहगड रस्ता लागतो आणि शहरात शिरता शिरता पु. ल. देशपांडे उद्यान येते. पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीतून २००६ साली झालेली ही बाग ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचलेली आहे. मूळ बाग १६८७ ते १७०० या काळात झाली. ज्यांच्या नावाने आपली बाग ओळखली जाते, त्या पुलंनीच ‘पूर्वरंग’मधून जपान मराठी घरांत आणला, हाही एक चांगला योग. पण कोराकुएन पाहून मी भाचीला म्हणालो, “बाग पाहिली. आता आपल्या वेल्ह्यासारखे एखादे ठिकाण दाखव.” ती म्हणाली, “मामा, मग ताकाहाशीला जा.”

ओकायामाहून हाकुबी मार्गावरची जलद गाडी सुमारे पस्तीस मिनिटांत बिच्चू-ताकाहाशी स्थानकावर पोचवते. दोन्ही बाजूंनी डोंगर, मधे ताकाहाशी नदी आणि काठाने चिंचोळे लांबट शहर. २०२०च्या जनगणनेत इथली लोकसंख्या तीस हजारांच्या आत आली. त्यातही २००४ साली आसपासची खेडी जोडल्यामुळे ‘शहर’ या शब्दात कितीतरी डोंगर आणि वाड्या येतात. आपल्याकडे एखाद्या तालुक्यालाच नगरपालिका म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

शहराच्या डोक्यावर गाग्यू नावाचा डोंगर आहे. नावाचा अर्थ बसलेली गाय किंवा बैल. त्यावर ४३० मीटर उंचीवर बिच्चू मात्सुयामा किल्ला. शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा शहरातही प्रसिद्ध किल्ला आहे. दोन्ही नावांचा घोळ नको म्हणून १८६९ साली या गावाचे नाव बदलून ताकाहाशी केले गेले. डोंगरावर पहिले ठाणे १२४० साली झाले. आजच्या बांधकामाला १६८३च्या सुमारास मिझुनोया घराण्याने आकार दिला. जपानमध्ये जुन्या लाकडी बांधणीचे मूळ बालेकिल्ले आता फक्त बारा उरले आहेत. त्यांतला डोंगरी किल्ल्यावरचा हा एकटा, आणि सर्वांत उंचावरचाही हाच. तोरण्याची उंची १,४०३ मीटर, म्हणजे याच्या तिपटीहून अधिक. त्यामुळे उंचीचे मला अप्रूप नव्हते. नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे.

स्थानकापासून चालत गेलो तर वर पोचायला दीड तास लागतो. बहुतेक लोक फुइगो खिंडीपर्यंत गाडीने जातात आणि शेवटचे सातशे मीटर चढतात. गर्दीच्या दिवसांत खासगी गाड्या खालीच थांबवतात आणि तिथून लहान बस सोडतात. वाटेवर लाकडी पाट्या आहेत. पुढची वाट खराब आहे, जपून चालावे, असा मजकूर आणि खाली सही ‘किल्ल्याचा धनी’. वर गेल्यावर कातळ आणि त्याच्याशी सांधा जुळवत चढवलेले दगडी तट पाहून राजगडाची आठवण झाली. बालेकिल्ला मात्र दोनच मजल्यांचा, जेमतेम अकरा मीटर उंच. आत जमिनीत खोदलेली लांबट शेकोटीची जागा आहे. अशा वाऱ्यात पहारा म्हणजे काय, ते त्या शेकोटीवरून कळते.

राज्यकारभार वर चालत नव्हता. एदो काळात सरदार डोंगराच्या पायथ्याशी वाड्यात राहत आणि गड हा अधिकाराचे चिन्ह म्हणून वर असे. १८७३ साली मेइजी सरकारने किल्ले मोडीत काढण्याचा हुकूम काढला. पायथ्याचा वाडा पाडला गेला. वरचा किल्ला सात येनला विकला गेला, पण एवढ्या उंचावरून लाकूड-दगड उतरवणे परवडेना, म्हणून तो तसाच पडून राहिला. तोडायलाही गैरसोयीचा, म्हणून वाचला. पुढची साठ-पासष्ट वर्षे पावसाने आणि झाडांनी त्याचे छप्पर खाल्ले.

इथवरची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. राजगड आणि तोरणा भोर संस्थानात होते. पंतसचिवांचा कारभार १९४८ साली संपला, त्याच्या कितीतरी आधीच गडांचे लष्करी काम संपले होते, आणि झाडी-पावसाने आपले काम सुरू ठेवले होते. फरक पुढे आहे. ताकाहाशीतल्या एका शाळामास्तरांनी त्या काळी गडावर चढून जुने अवशेष मोजले, कागदपत्रे पाहिली आणि गावाला गडाचा इतिहास लिहून दिला. त्यातून लोक जागे झाले आणि १९४०पर्यंत बालेकिल्ल्याची दुरुस्ती पुरी झाली. छपराची कौले शाळेच्या मुलांनी पाठीवरून डोंगरावर नेली. मुलांची ती शाळा पाडलेल्या वाड्याच्या जागेवर उभी होती. आजही तिथे हायस्कूल आहे आणि जुने दगडी जोते त्याच्या कुंपणाला आहे.

मी त्या जोत्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. मीही मुलांना घेऊन गडावर गेलो आहे. सहल म्हणून नेले, घोषणा दिल्या, डबे खाल्ले आणि उतरलो. त्यांच्या पाठीवर कौल देण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि ती यावी असे मी काही केलेही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नदीपलीकडच्या टेकडीवर गेलो. शरद ऋतूत रात्री हवा गार होते, नदीचे पाणी मात्र त्या मानाने उबदार राहते. पाण्यावरची वाफ थंड हवेत गोठून धुके होते आणि वारा नसला की ते दरीतच साचते. वरून पाहताना शहर नाहीसे होते आणि धुक्यावर फक्त किल्ला उरतो. या दृश्यासाठी लोक दूरदूरहून येतात. मला पुन्हा तेच जाणवले : छायाचित्रात गड आहे, गाव धुक्याखाली आहे.

ताकाहाशीने या अडचणीवर बरेच उपाय केले आहेत. स्थानकाला लागूनच २०१७ साली मोठे ग्रंथालय झाले. गाडीतून उतरलेला प्रवासी आणि अभ्यासाला बसलेली पोरे तिथे एकाच छताखाली असतात. राइक्यूजी मंदिराची बाग गावातच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी कोबोरी एन्शू यांनी ती रचली असे मानतात. अझेलियाची झुडपे लाटांसारखी कापलेली आणि पलीकडचा अतागो डोंगर बागेचाच भाग वाटावा अशी मांडणी. जुलै २०१८च्या महापुराने ताकाहाशीला तडाखा दिला आणि प्रवासी येईनासे झाले. त्याच सुमारास एक भटके मांजर गडावर येऊन राहिले. त्याचे नाव सांजुरो ठेवून त्याला त्या डिसेंबरात गडाचा धनी नेमले. लोक मांजर पाहायला येऊ लागले. हसण्यासारखी गोष्ट खरी, पण पुरानंतर चार घरांची चूल त्यामुळे पेटली असेल तर मला तिचे हसू येत नाही.

तिसऱ्या दिवशी बसने तासभर दूर फुकियाला गेलो. बसच्या फेऱ्या इतक्या मोजक्या की एसटीची आठवण यावी. फुकिया हे तांब्याच्या खाणीचे गाव. खाणीतल्या लोहगंधकाच्या दगडापासून आधी हिराकस करत आणि हिराकस भाजून लाल काव बनवत. तिला जपानी भाषेत ‘बेंगारा’ म्हणतात. हा शब्द आपल्या बंगालवरून गेलेला आहे. आरिता आणि कुतानीच्या चिनीमातीच्या भांड्यांवरचा लाल रंग याच काव्याचा. त्या पैशातून बांधलेली लालसर घरे आजही ओळीने उभी आहेत आणि १९७७पासून ती सरकारी संरक्षणाखाली आहेत.

पण फुकियातच मला जपानचे दुसरे तोंड दिसले. तिथली लाकडी प्राथमिक शाळा १९०० ते १९०९ या काळात बांधलेली. देशात वापरात असलेल्या लाकडी शाळांत ती सर्वांत जुनी गणली जाई. मार्च २०१२मध्ये मुले उरली नाहीत म्हणून ती बंद झाली. इमारत उत्तम दुरुस्त करून २०२२ साली प्रवाशांसाठी उघडली आहे. वर्ग, बाके, फळा सगळे आहे. पट नाही. मी ज्या वाडीवरच्या शाळेत नोकरीला लागलो, तिथला पट दरवर्षी कमी होताना मी पाहिला आहे. त्यामुळे त्या चकचकीत बाकांवर मला बसवेना.

म्हणून ताकाहाशीचे गोडवे गाऊन थांबता येत नाही. गड सांभाळला, घरे सांभाळली, तरी माणसे टिकलीच असे नाही. तरुण पोरे तिथून ओकायामाला जातात, जशी आमची पुण्याला. प्रवासी पोटापाण्याला हातभार लावतो, गाव भरून देत नाही. तरीही एक फरक उरतो. तिथे आलेला माणूस गडासाठी येतो, पण गावात उतरतो, जेवतो, मुक्काम करतो आणि गावाचे नाव घेऊन परततो. ते आपोआप घडलेले नाही. गड आपला आहे हे आधी गावाने ठरवले, आणि त्यासाठी पाठीवर ओझे वाहिले.

परत आल्यावर काही महिन्यांनी, ११ जुलै २०२५ रोजी, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत राजगड आहे. तोरणा नाही. आता मार्गासनीच्या फाट्यावर गाड्या वाढतील. त्या येण्यापूर्वी आपल्या गावांनी काय ठरवायचे, ते ठरवायला हवे : गाड्या कुठे थांबतील, पाहुणा कुणाच्या घरी जेवेल, भात कुणाचा असेल, गडाची वाट कोण नीट करील आणि शाळेतल्या पोरांच्या वाट्याला त्यातले कोणते काम येईल.

भाचीला मी फोनवर हे सांगत होतो. ती म्हणाली, “मामा, तुम्हीच सुरुवात करा की.” पुढच्या रविवारी शाळेतली पाच पोरे घेऊन तोरण्याला गेलो. कौले नव्हती. उतरताना प्रत्येकाच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे एकेक पोते होते.