छोट्या झालेल्या पोटाचं रोजचं जेवण

वजन उतरवण्यासाठी जठरावर जी शस्त्रक्रिया करतात तिला बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. तिच्यात साधारण 100 ते 150 मिलिलिटर मावतं. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. तिच्यात सुरुवातीला जेमतेम 30 मिलिलिटर जातं.

पहिले एक-दोन दिवस पाणी, शहाळं, गाळलेलं सूप, डाळीवरचं पाणी एवढंच. त्यानंतर साधारण दोन आठवडे ताक, दूध, गाळलेलं पातळ वरण आणि डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर. खोकल्याच्या औषधाचं टोपण 10-15 मिलिलिटरचं असतं. तेवढाच घोट घ्यावा, थोडं थांबावं, मग पुढचा. दिवसभरात दीड ते दोन लिटर पोटात जायला हवं, म्हणून बाटली सतत हाताशी ठेवावी. या दिवसांत त्रास होतो तो बहुधा तहान लागल्यावर गटागटा पाणी पिण्यानं.

तिसऱ्या आठवड्यापासून मिक्सरमधून काढलेलं अन्न येतं: मुगाचं घट्ट वरण, दह्यात घोटलेलं पनीर. पाचव्याच्या सुमारास मऊ पदार्थ: भुर्जी, काटे काढलेला उकडलेला मासा, दुधी, पडवळ. दोन महिन्यांच्या आसपास नेहमीचं जेवण. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो. आपल्या हातात दिलेला तोच पाळावा.

आता ताटाकडे वळू. बहुतेकांना दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. ती कमी पडली की वजनाबरोबर स्नायूही झिजतात. आपलं ताट मात्र पोळी-भाताभोवती रचलेलं असतं, आणि वाटीभर वरणात प्रथिनं पाच-सहा ग्रॅमच्या आसपासच. एका अंड्यात सहा, 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा. म्हणून वाढण्याचा क्रम बदलावा. आधी पनीर, अंडं, मासा, उसळ किंवा घट्ट वरण, मग भाजी, जागा उरली तर दोन घास पोळी. पोळी राहिली तर राहू द्या, पनीर ताटात टाकून उठू नका.

‘वरणभात मऊ असतो, तो चालेल’ असं घरचे प्रेमानं म्हणतात. अनेकांना नेमका तोच नडतो. भात चिकट होऊन गोळा धरतो. ताजी मऊ पोळी आणि पावाचंही तसंच. मऊ पावापेक्षा कडक टोस्ट सोपा जातो. घास अडकला की छातीच्या मधोमध दडपण येतं, तोंडात फेसाळ लाळ सुटते, कधी नाक गळू लागतं. तेव्हा वरून पाणी पिऊन ढकलू नका, उलटी होईल. हात धुवून उठा, हळू फेऱ्या मारा. दिवसभर पाणीही खाली उतरत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. उलट्या बरेच दिवस चालल्या तर ब1 जीवनसत्त्व संपून नसांना इजा होऊ शकते, म्हणून ‘बघू उद्या’ नको.

घास करंगळीच्या नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावलेला. जेवणाला वीस ते तीस मिनिटं द्यावीत. उचकी लागली किंवा छातीखाली जडपणा आला, तर पोट भरलं असं समजावं आणि उरलेला घास ताटातच ठेवावा. लहानपणापासून ताट स्वच्छ करायची सवय असलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं.

जेवताना तांब्या-भांडं शेजारी नको. पाण्यानं जागा अडते. जेवणानंतर अर्धा तास थांबून मगच पाणी प्यावं. शेवटच्या ताकाची सवय असेल तर ते मधल्या वेळेला हलवावं.

गोडाचं वेगळं. बायपासनंतर शिरा, श्रीखंड, आमरस अशा पदार्थांतली साखर एकदम आतड्यात उतरते. अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. कधी दोन-तीन तासांनी रक्तातली साखर घसरून हातपाय कापतात. याला डम्पिंग म्हणतात. फरसाण, चिवड्यानं हा त्रास सहसा होत नाही. ते सहज उतरतात, पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि उतरलेलं वजन हळूच परत येतं. उपवासाला साबुदाण्याची खिचडी टाळा: प्रथिनं जवळपास नाहीत आणि चिकटपणा भरपूर. निर्जळी तर नकोच.

गोळ्या जन्मभराच्या असतात: मल्टिव्हिटॅमिन, ब12, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम, तेही शक्यतो सायट्रेट स्वरूपातलं. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. वेदनाशामक गोळ्या मनानं घेऊ नका, विशेषतः बायपासनंतर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्यांनी जोडाच्या जागी व्रण पडू शकतो.

तीन ते सहा महिन्यांच्या काळात केस गळतात. ते बहुधा परत येतात, पण प्रथिनं आणि लोह तपासून घ्यावं. ब12चा साठा यकृतात बराच काळ पुरतो, त्यामुळे गोळ्या सोडल्यावर पहिलं वर्ष काहीच जाणवत नाही. पायांना मुंग्या येऊ लागतात त्या नंतर. म्हणून बरं वाटत असलं तरी वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावं.