काचेच्या पेटीतील समुद्र

देवनारच्या पूर्वेस ठाण्याची खाडी पसरलेली आहे. तिच्या काठी उभ्या असलेल्या तिवरांच्या मुळांशी भरतीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा ओसरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे लोटतात. म्हणून आज ज्या वेळी पाणी काठाला लागले, त्याहून उद्या ते जवळजवळ 50 मिनिटे उशिरा लागते. कोळी लोक हे गणित तिथीवरून तोंडी मांडतात. भरती नसली तर लाटा असतात, लाटा मंदावल्या तर वारा असतो. समुद्राचे पाणी कधीही निश्चल राहत नाही. घरात काचेच्या पेटीत समुद्र वसवू पाहणाऱ्या माणसास नेमक्या याच गोष्टीचा प्रथम विसर पडतो.

तो पेटी आणतो, एक लिटर पाण्यास सुमारे 35 ग्रॅम या प्रमाणात समुद्री क्षार मिसळतो, तळाशी वाळू पसरतो, खडक रचतो आणि वर दिवा लावतो. एवढे झाल्यावर समुद्र सिद्ध झाला असे त्यास वाटते. परंतु त्या पेटीतील पाणी डबक्यासारखे उभे असते, आणि उभ्या पाण्यात समुद्रातील प्राणी फार काळ तग धरीत नाहीत.

याचे कारण एका साध्या अनुभवावरून कळते. पाण्याने भरलेल्या पेल्यात साखर टाकून ती न ढवळता ठेवली, तर ती कितीतरी वेळ तळाशी पडून राहते. साखरेलगतचा पाण्याचा थर अतिशय गोड झालेला असतो आणि त्या थरात आणखी साखर विरघळू शकत नाही. चमचा फिरवताच तो थर हटतो, नवे पाणी साखरेला भिडते आणि ती लगेच विरघळते. पाण्यात बुडालेल्या प्रत्येक वस्तूच्या अंगाला असाच एक पातळ, सुस्त थर चिकटून असतो. प्रवाळाची गोष्ट याहून वेगळी नाही.

प्रवाळ हा दिसावयास दगड अथवा झुडूप. पण वस्तुतः तो असंख्य लहान प्राण्यांची वसाहत होय. हे प्राणी जागा सोडून हलू शकत नाहीत. अन्नाच्या शोधात त्यांना जाता येत नाही, की स्वतःच्या मळापासून दूर सरकता येत नाही. अन्नकण आणणे, प्राणवायू पुरविणे, मळ वाहून नेणे आणि अंगावर बसलेला गाळ झटकणे, ही सर्व कामे त्यांच्यासाठी वाहते पाणी करते. अंगालगतचा सुस्त थर जितका पातळ राहील, तितका त्यांचा श्वास सुलभ होतो. पेटीतील खडकांवर वास करणारे उपकारक सूक्ष्मजीवही याच प्रवाहावर अवलंबून असतात. माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे ते कमी घातक द्रव्यात रूपांतर करतात. मात्र त्यासाठी प्राणवायूने भरलेले पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचावे लागते.

मग प्रवाह किती असावा? पेटीत जितके पाणी असेल, त्याच्या कितीपट पाणी दर तासाला पंप ढकलतो, यावरून तो मोजण्याची पद्धत आहे. नवख्याने मऊ अंगाच्या व सोशिक प्राण्यांसाठी दहापट प्रवाहापासून प्रारंभ करावा. 100 लिटरच्या पेटीस तासाला 500 लिटर पाणी ढकलणारे दोन लहान पंप पुरतात. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना वीस ते चाळीसपट, काहींना त्याहूनही अधिक प्रवाह मानवतो. एका मोठ्या पंपापेक्षा दोन लहान पंप केव्हाही बरे. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

तथापि केवळ आकडा जुळल्याने काम भागत नाही. बागेस पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला, तर तेच पाणी रोपांची माती उकरून काढते. पंपाची बारीक धार प्रवाळावर रोखली, तर त्याच्या कोवळ्या अंगाच्या चिंध्या होतात. म्हणून रुंद पसरट लोट सोडणारा पंप निवडणे हिताचे. दोन्ही पंप पेटीच्या समोरासमोरच्या टोकांस, पाण्याच्या पृष्ठभागाखाली थोड्या अंतरावर बसवावेत. त्यांचे लोट मधोमध एकमेकांवर आदळले किंवा समोरच्या काचेवर आपटून फुटले, म्हणजे लाटांसारखी अनियमित खळबळ उत्पन्न होते. एका पंपाचे तोंड किंचित वर करावे. पृष्ठभाग थरथरत राहिला, तरच हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो. दोन्ही पंप आलटून पालटून चालविले, तर भरती-ओहोटीची थोडीशी नक्कल साधते. प्रवाळांना एकाच दिशेचा अखंड मारा आवडत नाही.

खडक भिंतीसारखे रचू नयेत. त्यांच्यामध्ये पोकळ्या असाव्यात आणि मागील काचेपासून ते चार बोटे दूर असावेत. जेथे पाणी पोहोचत नाही, तेथे उरलेले अन्न व विष्ठा साचून कुजते. असा कोपरा हुडकण्यासाठी चिमूटभर खाद्य पाण्यात सोडून कण कोठे फिरतात आणि कोठे थबकतात, हे निरखून पाहावे. उलटपक्षी, वाळू उडून खड्डे पडू लागले तर पंपाची दिशा बदलावी.

रात्री पंप बंद करणे ही घातक काटकसर होय. प्रवाळांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवाले दिवसा प्रकाशात प्राणवायू निर्माण करतात. अंधारात ती स्वतःच तो वापरतात. त्यामुळे पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप जवळ असावा. पंपाची तार खाली झोळ देऊन मग वरच्या खटक्याकडे न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे खारे पाणी खटक्यात न शिरता झोळातून खाली गळते. हे काम वडीलधाऱ्यांनीच करावे.

आपल्या देशात समुद्रातून कठीण प्रवाळ काढून आणणे हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा 2001 मध्ये समावेश झाला. म्हणून हौशी माणसाने कृत्रिम खडक आणि पैदास केंद्रात वाढविलेले मासे यांवर समाधान मानावे. खाडीपलीकडे ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशांची अशी पैदास करण्यात आली आहे.

खुद्द मुंबईलाही प्रवाळ आहेत, हे अनेकांस ठाऊक नसते. खाडीच्या चिखलात ते फारसे टिकत नाहीत, कारण तेथे गाळ त्यांच्यावर बसतो. पण पश्चिमेच्या खडकाळ किनाऱ्यावर लाटा तो धुऊन नेतात. सागरी रस्त्याच्या बांधकामात हाजी अली व वरळी येथील काही वसाहती सापडल्या, तेव्हा 2020 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने त्या उचलून हलविण्यात आल्या. काहींना कुलाब्याच्या नेव्ही नगरजवळ नवी जागा मिळाली. अशा कामात नुसता खडक मिळून भागत नाही. नव्या ठिकाणी पाणी किती खोल, त्यात गाळ किती, आणि लाटा कोणत्या बाजूने व किती जोराने येतात, हे सारे जुन्या जागेशी ताडून पाहावे लागते.