सीव्हीत न मावणारा माणूस

परवा एका इंटरव्ह्यूत मला विचारलं, "ही दोन वर्षांची गॅप कशी काय?" मी काहीतरी पुटपुटले. घरी येताना लोकलमध्ये उज्जल दोसांज आठवले.

कोण हे? कॅनडात एखाद्या प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, झालेले पहिले भारतीय वंशाचे नेते. त्यांचा सीव्ही बघाच! पंजाबातलं दोसांज कलां गाव. १९६४ मध्ये इंग्लंड, १९६८ मध्ये व्हँकुव्हर. तिथे सॉ-मिलमध्ये लाकडं ओढण्याची नोकरी. पाठ दुखावली, तसे स्वारी पुन्हा कॉलेजात आणि तिथून थेट वकिलीत. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या निवडणुकीत १९७९ ला हरले, १९८३ ला पुन्हा हरले.

खरी परीक्षा पुढेच होती. १९८४ नंतर तिथल्या शीख समाजात खलिस्तानचा जोर वाढला. गप्प बसणं सेफ होतं. दोसांज स्वतः शीख, पण हिंसेविरुद्ध उघड बोलत राहिले. फेब्रुवारी १९८५ मध्ये ऑफिसबाहेरच्या पार्किंगमध्ये त्यांच्यावर लोखंडी सळईने हल्ला झाला. हात मोडला, डोक्याला ऐंशीच्या आसपास टाके पडले. त्याच जूनमध्ये एअर इंडियाचं 'कनिष्क' बॉम्बने उडवलं गेलं आणि ३२९ माणसं गेली. ते कशाबद्दल सावध करत होते, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

ते बोलायचे थांबले नाहीत. १९९१ मध्ये एनडीपीतर्फे आमदार झाले, १९९५ मध्ये अॅटर्नी जनरल आणि फेब्रुवारी २००० मध्ये प्रीमियर. पण हाती आलं ते बुडत्या जहाजाचं सुकाणू! आधीच्या प्रीमियरना वादात राजीनामा द्यावा लागला होता, लोक पक्षावर वैतागले होते. २००१ च्या निवडणुकीत ७९ पैकी फक्त २ जागा आल्या. खुद्द दोसांजही पडले.

संपलं करिअर? छे! पक्ष बदलून ते लिबरल झाले, २००४ मध्ये खासदार आणि देशाचे आरोग्यमंत्री. पक्षबदलाबद्दल टीकाही झाली असणारच. २०११ मध्ये तीही खासदारकी गेली.

पराभव, ब्रेक, यू-टर्न, सगळं आहे या सीव्हीत. पण आज ते आठवतात, ते कुठल्या खुर्चीमुळे नाही. बोलणं महागात पडणार हे दिसत असताना बोलले, म्हणून.

त्या कॉलमला मात्र सीव्हीत जागाच नसते. पुढच्या वेळी गॅपबद्दल कुणी विचारलं, तर मी पुटपुटणार नाही. खरं काय ते सांगून टाकीन.