बाजू कोणतीही घ्या, कायदा आधी वाचा!

दोस्तांनो, वादविवाद स्पर्धेचा विषय कायद्यातला निघाला की वर्गात निम्मे हात खाली जातात. ‘बाप रे, हे तर वकिलांचं काम!’ पण सहावी-सातवीतल्या मुलांनाही रंगवता येईल असा एक खराखुरा खटला ऐका.

साल १९८५. केरळमधल्या एका शाळेत शिकणारी तीन भावंडं. राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदरानं उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या पंथाची तशी शिकवण होती. जुलै महिन्यात त्यांना शाळेतून काढून टाकलं. हायकोर्टात दाद लागली नाही, म्हणून प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं.

आता सांगा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?

शाळेची बाजू घेणारा म्हणेल, ‘राष्ट्रगीताचा आदर करणं हे राज्यघटनेच्या कलम ५१ क नुसार आपलं कर्तव्य आहे. शिवाय शाळा म्हटली की शिस्त हवीच.’ मुलांची बाजू घेणारा विचारेल, ‘पण आदर करायचा म्हणजे गायलाच हवं का? आणि धर्मस्वातंत्र्याचं कलम २५, त्याचं काय?’

इथं टेबलावर मूठ आपटून उपयोग नाही. कायदा काय म्हणतो ते पाहायचं. राष्ट्रीय सन्मानाबाबतचा १९७१ चा कायदा सांगतो, की राष्ट्रगीत मुद्दाम बंद पाडणं किंवा गाणाऱ्यांच्या सभेत व्यत्यय आणणं हा गुन्हा. आणि गप्प उभं राहणं? त्याला त्यात शिक्षा नाही! ११ ऑगस्ट १९८६ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला: आदरानं उभं राहण्यात अनादर नाही, मुलांना शाळेत परत घ्या.

म्हणून तयारी करताना दोन कागद घ्या. एकावर आपले मुद्दे, दुसऱ्यावर समोरच्याचे. दुसरा कागद रिकामा राहिला, तर तयारी कच्ची समजा!

आईबाबांनो, तुम्हाला एकच विनंती. भाषण लिहून देऊ नका. त्यापेक्षा जेवताना विरुद्ध बाजू घ्या आणि मुलांना अडचणीचे प्रश्न विचारा.

येत्या रविवारी मित्रमैत्रिणी जमवा आणि हाच विषय घ्या. कोणी कोणती बाजू मांडायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. निकाल तर आता सगळ्यांनाच ठाऊक आहे, तेव्हा खरी कसोटी शाळेच्या बाजूनं बोलणाऱ्याची. बघा बरं, चिठ्ठी कुणाला येते ते!