श्रुतिगुणोत्तरांची सेंटमूल्ये : पडद्यावरील गणकयंत्राचा उपयोग

मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. ह्या वाद्यांच्या परिसरातच श्रुतींच्या गणिताचा एक महत्त्वाचा प्रयत्न झाला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात बावीस श्रुतींची गुणोत्तरे मांडली. ह्या कार्यात त्यांना सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स ह्यांचे व पुढे मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ ह्यांचे साहाय्य लाभले. त्या काळी अशा आकडेमोडीस लॉगरिथमच्या कोष्टकांचाच आधार असे. आज तेच काम संगणकाच्या पडद्यावरील वैज्ञानिक गणकयंत्र करते व उत्तर थेट स्वरजुळणीच्या आज्ञावलीत भरता येते. (सतारीचेही पडदे व संगणकाचाही पडदाच, प्रस्तुत विवेचनात दोहोंचा संबंध येतो, हा केवळ योगायोग होय.)

गुणोत्तरांचा गुणाकार करण्याऐवजी बेरीज करता यावी म्हणून अलेक्झांडर एलिस (१८१४–१८९०) ह्याने सेंट हे माप योजिले. सप्तकाचे १२०० समान भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक सेंट. गुणोत्तराच्या लॉगरिथमास दोनच्या लॉगरिथमाने भागून १२००ने गुणिले की सेंटमूल्य मिळते.

पडद्यावरील यंत्रात बहुधा अंक आधी व ‘लॉग’ची कळ नंतर दाबावयाची असते. षड्ज-पंचमासाठी ३ ÷ २ असे लिहून लगेच लॉग दाबल्यास ती क्रिया केवळ दोनावर घडते, आणि शेवटी सुमारे ३९,७०० सेंट असे हास्यास्पद उत्तर येते. बरोबरचे चिन्ह दाबून १.५ मिळवावेत व मगच लॉग घ्यावा, म्हणजे ७०१.९५५ हे योग्य मूल्य लाभते.

ही चूक ध्यानी येते. दुसरी येत नाही. दशमूल लॉगरिथम व नैसर्गिक लॉगरिथम ह्यांच्या कळा शेजारी असतात. अंशासाठी नैसर्गिक व छेदासाठी दशमूल अशी सरमिसळ झाल्यास उत्तर २.३०३ पट होते. पंचमाचे १६१६ सेंट झाले तर ते सप्तकाबाहेर जात असल्याने कोणीही थबकेल. परंतु ८१/८० ह्या सूक्ष्म श्रुत्यंतराचे खरे मूल्य २१.५ सेंट असता ४९.५ सेंट असे दिसते, आणि तेही एखादे श्रुत्यंतर म्हणून सहज खपून जाते. ८८ सेंटिमीटर लांबीची तार घेतली, तर १०/९ ह्या गुणोत्तराचा स्वर ७९.२० सेंटिमीटर लांबीवर व ९/८चा ७८.२२वर येतो, म्हणजे खरे अंतर एका सेंटिमीटरहून किंचित कमी. चुकीच्या मूल्याने तोच स्वर ७६.९७ सेंटिमीटरवर जातो. सतारीच्या पडद्यास इतका फरक फार मोठा होय.

तिसरी अडचण गणिताची नसून लेखनाची आहे. स्वरसप्तकांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्काला’ ह्या आज्ञावलीच्या फाइलीत ज्या संख्येत दशांशचिन्ह असेल ती सेंट, व नसेल ती गुणोत्तर मानली जाते. गणकयंत्र तारषड्जाचे उत्तर नुसते १२०० असे दाखविते. ते तसेच उचलून फाइलीत ठेवले, तर त्याचा अर्थ १२००/१ असा होतो, आणि तारषड्ज दहा सप्तकांच्याही वर जाऊन बसतो. म्हणून तेथे १२००.० असे, अथवा सरळ २/१ असे लिहावे. वस्तुतः गुणोत्तर ठाऊक असताना ते गुणोत्तररूपानेच भरणे अधिक श्रेयस्कर. गणकयंत्राचे काम तेव्हा मूल्याच्या पडताळणीपुरतेच उरते.

त्या मानाने पूर्णांकात मूल्य भरण्याने होणारी हानी क्षुल्लक आहे. ७०१.९५५ऐवजी ७०२.० भरून बारा पंचम एकावर एक रचिले, तरी एकूण फरक सुमारे अर्ध्या सेंटाचाच पडतो. शिवाय तार दाबली असता तिचा ताण वाढून स्वर थोडा चढतो, हे वरील सूत्रात येत नाही. सतारीचे पडदे दांडीस दोऱ्याने बांधलेले असतात, त्यामुळे ते जागचे सरकविता येतात. गणिताने आलेली जागा ही केवळ आरंभाची खूण असून अखेरची जागा कारागिराच्या कानावरच ठरते.